मशीन उठत न्हाई

लातूरहून एसटीनं नांदेडला यायचं, सख्ख्या थोरल्या भावाच्या घरात दुपारभर बसायचं, त्याचा बंद पडलेला कॉम्प्युटर चालू करून द्यायचा आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता परत लातूरची गाडी धरायची, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिगंबरराव. बरं, हे न बोलण्याचं काम त्यांना एकट्यानं जमायचं नाही. त्यासाठी त्यांना मी लागायचो.

माझं नाव अन्वर. नांदेडात इतवाऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकान वडिलांनी भाड्यानं घेतलेलं. मालक वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं नाव मनोहरराव, पण सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांची नोकरी पाटबंधारे खात्यात, विष्णुपुरीच्या धरणावर झाली. दिगंबरराव हे त्यांचे धाकटे भाऊ. ते लातूरला आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवायचे. आता दोघंही पेन्शनीत.

दिगंबरराव आले की आधी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे. अंगानं काडी, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेला पेन ड्राइव्ह. लोक ताईत घालतात तसा. पहिल्यांदा मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "मेलेलं मशीन उठवायचं सामान हाय." मग पायरीवरूनच म्हणायचे, "अन्वरभाई, चला."

चला म्हणजे वर चला. माझ्यासमोर एखादं गिऱ्हाईक नाकावर चाचणीची फ्रेम घालून भिंतीवरची अक्षरं वाचत बसलेलं असायचं. दिगंबररावांना त्याची पर्वा नसायची. ते गिऱ्हाइकालाच सांगायचे, "बसा तसंच. अक्षरं कुठं पळून जाईनात."

वर गेलं की अण्णा खुर्चीत पेपर धरून बसलेले असायचे. कॉम्प्युटर त्यांच्या उजव्या हाताला. दिगंबरराव स्टूल ओढून अण्णा आणि कॉम्प्युटरच्या मधे बसायचे, म्हणजे भावाचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागेल इतक्या जवळ. आणि मग कामाला सुरुवात व्हायची.

"अन्वरभाई, त्यांना विचारा, बंद पडायच्या आधी काय केलतं."

मी अण्णांना विचारायचो.

"त्याला सांगा, काई केलं न्हाई. सकाळी बटण दाबलं तर उठलंच न्हाई."

मी दिगंबररावांना सांगायचो. एकदा मला कंटाळा आला. म्हटलं, आता हातभर अंतरावरून ऐकलंच आहे, पुन्हा काय सांगायचं. म्हणून गप्प बसलो. दिगंबरराव माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ गेला. शेवटी म्हणाले, "काय म्हणाले ते? मला काई ऐकू आलं न्हाई." अण्णा पेपरातून म्हणाले, "त्याला कानाचा डॉक्टर दाखवा." हेही मला सांगावं लागलं.

ह्या अबोल्याचं कारण त्यांची आई. ती अण्णांकडंच राहायची आणि इथंच वारली, ऐन उन्हाळ्यात. दिगंबरराव लातूरहून निघून नांदेडला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. गोदावरीच्या काठी त्यांना नुसती राख दिसली. ते म्हणतात, मला फोनच केला नाही, शेजारच्या गावच्या पाहुण्याकडून कळलं. अण्णा म्हणतात, दहादा फोन लावला, ह्यानं उचलला नाही. ऊन फार होतं, जमलेली माणसं घाई करत होती, थांबणार किती. मी दोघांच्या तोंडून ही तकरार इतक्या वेळा ऐकली आहे की दोघांची वाक्यं मला पाठ आहेत. त्यांच्यात खोटं कोण बोलतो ते मला कधी कळलं नाही. मला वाटतं, फोन लागलाच नसेल. पण फोन लागला नाही एवढ्या साध्या गोष्टीवर राग धरता येत नाही. त्याला माणूस लागतो.

राखेपाशीच दिगंबररावांनी सांगून टाकलं की, ह्या घरचं पाणी पिणार नाही. आणि ते पाळलं. लातूरला नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं, अशा गावाहून हा माणूस पाण्याची बाटली भरून घेऊन गोदावरीच्या काठावरच्या गावात यायचा आणि भावाच्या माठाशेजारी बसून आपलं लातूरचं पाणी प्यायचा. मी एकदा म्हटलं, "दिगंबरराव, तुमच्या गावाला हे पाणी विकत घ्यावं लागतं." ते म्हणाले, "विकतचं हाय म्हणूनच पितो. कुणाचे उपकार न्हाईत."

जेवणाची अडचण वहिनींनी सोडवली. अण्णांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. त्या शहाण्या. दिगंबरराव येणार असले की डबा भरून आधीच माझ्या दुकानात पाठवायच्या. काम झालं की दिगंबरराव खाली येऊन काउंटरच्या मागं बसायचे आणि मी डबा पुढं करायचो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. कधी पुरणाची पोळी. हात धुऊन, डोळे मिटून देवाचं नाव घेऊन ते जेवायचे आणि म्हणायचे, "अन्वरभाई, तुमच्या घरची पोळी म्हणजे एक नंबर. भाभींना सांगा." मी म्हणायचो, "सांगतो." माझ्या घरी पुरण कधी शिजलं नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांना ते माहीत आहे हे मला माहीत होतं. वर वहिनी खिडकीतून रिकामा डबा कधी येतो ते बघत असायच्या. एका धपाट्यासाठी तीन शहाणी माणसं नाटक करायची.

तुम्ही म्हणाल, एवढा राग होता तर यायचे कशाला. तर तो कॉम्प्युटर दिगंबररावांनीच बसवून दिलेला होता, अबोल्याच्या आधी. अण्णांनी रिटायर झाल्यावर समाजाचं वधू-वर सूचक मंडळ काढलं. हदगावपासून रेणापूरपर्यंतच्या पोरापोरींचे फोटो आणि बायोडेटा त्यांच्याकडं यायचे. दिगंबररावांनी डिस्कचे चार भाग पाडून दिले. सी-मध्ये मशीनची आपली सिस्टिम. डी-मध्ये मुली. ई-मध्ये मुलं. आणि लग्न जमलं की दोघांना उचलून एफ-मध्ये टाकायचं. मी एकदा भोळेपणानं विचारलं, "मुलं-मुली एकाच जागी ठेवली तर काय बिघडतं?" दिगंबरराव गंभीरपणे म्हणाले, "लग्नाआधी एका पार्टिशनमध्ये कशी ठेवायची?"

तर ती डिस्क त्यांची. तिला बाजारातल्या कुण्या दुरुस्तीवाल्यानं हात लावायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. बाजारातले लोक फॉरमॅट मारतात. हा शब्द उच्चारला तरी दिगंबररावांच्या कपाळाची शीर उठायची. "फॉरमॅट म्हणजे खून हाय, अन्वरभाई. पाय मुरगळला म्हणून माणसाला जाळून टाकतात का? हे लोक टाकतात. मशीन उठंना? मारा फॉरमॅट. आत कुणाचं काय हाय, बघायचं न्हाई, विचारायचं न्हाई." लातूरला एका दुकानात कुणा बाईच्या डिस्कला असाच फॉरमॅट मारताना त्यांनी पाहिलं. तिथं त्यांचं काही काम नव्हतं, ते वायर घ्यायला गेले होते. त्यांनी सरळ वीज तोडली. मेन स्विच खाली ओढला. दुकानातले सगळे कॉम्प्युटर बंद. दुकानदारानं कॉलर धरली, तर हे म्हणाले, "डेटा मरत न्हाई रे बाबा, पत्ता हरवतो. पत्ता शोधायचा सोडून तू गावच जाळायला लागलास." ती डिस्क त्यांनी घरी नेली आणि वाचवली. बाई पुन्हा आलीच नाही. तिनं तोवर नवा फोन घेतला होता.

हे मला कळलं ते मी एकदा लातूरला गेलो तेव्हा. आमच्या नात्यात लग्न होतं. सकाळचं उरकून दुपारी औसा रोडला त्यांचं घर शोधत गेलो. दिगंबररावांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्याला. घरात खानावळीचा डबा, एक कॉट आणि भिंतभर फळ्यांवर मेलेल्या डिस्का. लोकांनी टाकून दिलेल्या, मालक न फिरकलेल्या. त्यांनी एकेक उठवून ठेवलेल्या. कुणाच्या मुंजीचे फोटो, कुणाची शाळेची गणितं. "कोण येणार न्यायला?" मी विचारलं. "न येवोत," ते म्हणाले. "त्यांनी विसरायचं काम केलं, मी माझं काम केलं."

त्यांच्या स्वतःच्या मशीनमध्ये पाच वेगवेगळ्या सिस्टिम होत्या. बटण दाबलं की पडद्यावर यादी यायची. पाहुण्याला चहा घेणार का सरबत असं विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "कशातून उठवू?" मी म्हटलं, "तुम्हाला आवडेल त्यातून." त्यांनी पाचही एकेक करून उठवून दाखवल्या. संध्याकाळ झाली. माझी गाडी चुकायची वेळ आली तरी त्यांचं चाललंच होतं. भावाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी चप्पल घालत होतो तेव्हा फक्त म्हणाले, "तिथली डिस्क आवाज करती का हो?"

आता मुख्य गोष्ट सांगतो. पहिल्यांदा अण्णांचं मशीन खरंच गेलं होतं. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि मशीन उठेना. वहिनींनी घाबरत लातूरला फोन केला, "भावजी, मशीन उठत न्हाई म्हणतात हे." अबोल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. भावजी दुसऱ्या दिवशी हजर. त्या दिवशी ते खुशीत होते, कारण दोष अवघड होता आणि त्यांना सापडला होता. आयटीआयमधले मास्तर त्यांच्या अंगात आले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं.

"हे बघा. डिस्क म्हणजे चार खोल्यांचं घर. घराच्या अगदी तोंडाशी एक पाटी असती, तिला बूट रेकॉर्ड म्हणतात. वीज आली की मशीन आधी ती पाटी वाचतं. पाटीवर चारी खोल्यांची नावं असतात, अन् एका नावापुढं खूण. ॲक्टिव्ह म्हणून. मशीन म्हणतं, बरं, ह्या खोलीतून उठायचं. ती खूण चुकून दुसऱ्या खोलीवर गेली, तर मशीन तिथं जातं. आत बघतं तर सिस्टिम न्हाईच. मग पडद्यावर बोंब मारतं, ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड. अन् सिस्टिम तर शेजारच्या खोलीत धडधाकट बसलेली असती. काई गेलेलं नसतं, काई मेलेलं नसतं. एक खूण हलवली की मशीन चालू."

"ती खूण कुठून हलवायची?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

त्यांनी तेही सावकाश दाखवलं, कुठं जायचं, काय लिहायचं. अण्णा शेजारी पेपर वाचत होते. त्या सगळ्या वेळात त्यांनी पान उलटलं नाही.

त्यानंतर ते मशीन वरचेवर उठेनासं झालं. दिवाळी झाली की उठायचं नाही. संक्रांतीनंतर उठायचं नाही. वहिनी फोन करायच्या, दिगंबरराव यायचे, मी दुकान सोडून वर जायचो, विचारा-सांगा व्हायचं, मशीन उठायचं, डबा संपायचा. वर्षानुवर्षं. मला तर वाटायला लागलं होतं की मशीन जुनं झालंय, हे दोघं चिकट आहेत, नवीन घेत नाहीत. एकदा मी अण्णांना तसं म्हटलंही. अण्णा म्हणाले, "चांगलं चालतंय की. मधून मधून बिघडतं एवढंच."

एक दिवस मी दिगंबररावांना स्कूटरवरून बसस्टँडला सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. स्टँडबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बाहेरचा चहा त्यांना चालायचा. मी वैतागलेलो होतो. त्या दिवशी एक गिऱ्हाईक वाट बघून उठून गेलं होतं. मी म्हटलं, "दिगंबरराव, एकदाच काय ते पक्कं करून टाका ना. पुन्हा पुन्हा तेच का बिघडतंय?"

ते बशीत चहा ओतत म्हणाले, "तेच बिघडतंय, ते बरोबर हाय. पहिल्या खेपेला खरं बिघडलतं. त्याच्यानंतर दर खेपेला एकच. ॲक्टिव्हची खूण सी-वरची डी-वर गेलेली."

"मग?"

"ती खूण आपोआप उडून जात न्हाई, अन्वरभाई. ती कुणीतरी हातानं हलवावी लागती."

मला कळायला वेळ लागला. त्या घरात माणसं दोनच. वहिनींना मशीन चालू करता येत नाही. मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"दुसऱ्या खेपेपासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलू? चोरी पकडली म्हणू?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "लई सोपं हाय. पासवर्ड टाकला की संपलं. मला दोन मिनिटाचंबी काम न्हाई. पुन्हा कुणाला खूण हलवता यायची न्हाई. मी टाकला न्हाई."

मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला. दोघांचाही. शिकली-सवरलेली, पेन्शन घेणारी दोन म्हातारी माणसं. एकानं चोरून मशीन बिघडवायचं, दुसऱ्यानं कळूनही चार तास एसटीत हाडं मोडून घेत यायचं, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर मधे चष्मेवाला. मी म्हटलं, "त्यांना तुम्ही यावं असं वाटतं. तुम्हाला यावंसं वाटतं. मग एक शब्द बोलायला काय जातं?"

"त्यानं आधी बोलावं. थोरला हाय."

"ते म्हणतात, तुम्ही धाकटे आहात."

"मग बसू दे," ते म्हणाले. "तो खूण काढतो, मी लावतो. चाललंय न्हाई का?"

आणि ते चाललंही असतं. पण मागच्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तोंडातून आवाज यायचा, शब्द यायचा नाही. दवाखान्यात महिना काढून त्यांना घरी आणलं. कॉट कॉम्प्युटरच्याच खोलीत टाकली. वहिनींनी दवाखान्यातूनच लातूरला फोन केला होता. दिगंबरराव पलीकडून म्हणाले, "बरं. डॉक्टर काय म्हणतात?" वहिनींनी सांगितलं. ते पुन्हा "बरं" म्हणाले. आणि आले नाहीत.

वहिनी कधी कुणाबद्दल वावगं बोलत नाहीत. त्या दिवशी जिन्यात मला म्हणाल्या, "मशीनसाठी येत होते. माणसासाठी येईनात."

त्यानंतर मला दुकानात लातूरचे फोन यायला लागले. पहिल्यांदा वाटलं, विचारपूस करायची असेल.

"अन्वरभाई, मशीन चालू हाय का?"

"चालू आहे."

"बरं."

फोन बंद. आठवड्यानं पुन्हा. "मशीन उठतंय का नीट?" "उठतंय." वहिनींचा भाचा अधूनमधून येऊन मंडळाचं काम बघायचा, त्यामुळं मशीन रोजच्यासारखं चालू होतं. "गरम होतंय का? आवाज करतंय का?" "नाही." "नीट बघितलं का?" "बघितलं." मग नुसता श्वास ऐकू यायचा, मग "बरं."

एकदा माझी सहनशक्ती संपली. मी म्हटलं, "दिगंबरराव, अण्णांना बघायला या. मशीनचं काय घेऊन बसलात?"

"मला कुणी बोलावलंय का?" ते म्हणाले. "वहिनींनी बातमी दिली. या म्हणाल्या न्हाईत."

"घरचं माणूस आजारी असल्यावर बोलावणं लागतं?"

"मला लागतं," ते म्हणाले. "एकदा न बोलावता राखंपाशी गेलतो."

मी फोन ठेवला आणि वर जाऊन बघितलं. अण्णा पडून होते. डावा हात चादरीवर, नजर बंद पडद्याकडं. ते आता खूण हलवू शकणार नव्हते. मी खाली आलो, फोन उचलला आणि म्हणालो, "दिगंबरराव, मशीन उठत नाही."

"काय लिहून येतं?"

"तेच. नेहमीचं. सिस्टिम सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते पायरीवर उभे होते. "चला" म्हणाले नाहीत. सरळ जिना चढले. मी मागून गेलो. मला धाकधूक होती, कारण मशीनला काहीच झालं नव्हतं आणि मला ते बिघडवताही येत नव्हतं.

खोलीच्या दारात ते थांबले. अण्णांकडं बघितलं. वाढलेली दाढी, एका बाजूला ओघळलेला ओठ. मग स्टूल ओढून कॉम्प्युटरपुढं बसले आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, आणि सुरळीत चालू झालं. पडद्यावर अण्णांनीच कधीतरी लावलेला विष्णुपुरीच्या धरणाचा फोटो आला. वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. मी जमिनीकडं.

दिगंबरराव त्या फोटोकडं कितीतरी वेळ बघत बसले. मग त्यांनी मशीन बंद केलं, मागची वायर काढली, खिशातून टेस्टर काढून पेटीचे स्क्रू खोलायला सुरुवात केली.

"लई बिघडलंय, वहिनी," ते म्हणाले. "एका दिवसाचं काम न्हाई."

"किती दिवस लागतील, भावजी?"

"सांगता येत न्हाई. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावी लागंल. राहावं लागंल."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं कुकरची शिट्टी ऐकू आली.

दिगंबरराव राहिले. लातूरची बाटली संपली तशी ती ते घरच्या माठातून भरून घ्यायला लागले. कॉम्प्युटरचे सगळे अवयव त्यांनी चटईवर मांडून ठेवले आणि त्यांना पुन्हा हात लावला नाही. अण्णांना कूस बदलून देणं, पाय चोळणं, चमच्यानं पेज भरवणं हे सगळं ते करायला लागले, आणि करताना चिडचिड करायचे. मी रोज दुकान उघडायच्या आधी वर डोकावून यायचो. एका सकाळी मी जिन्यात असतानाच मला त्यांचा आवाज ऐकू आला. हलका, शिकवणीला पोरगं विचारतं तसा.

"आई गेली तवा तू खरंच फोन लावलतास का?"

मी जिन्यातच थांबलो. आतून अण्णांचा आवाज आला. घशातून वर आलेला, लांबलेला, कुठंच न टेकणारा. तो हो असेल, नाही असेल, दुसरंच काही असेल. दिगंबररावांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच आवाज. एवढी वर्षं अण्णांच्या तोंडात उत्तर होतं तेव्हा दिगंबरराव माझ्यामार्फत मशीनची चौकशी करत राहिले. आता त्यांनी सरळ विचारलं, तर ऐकायला नुसता आवाज होता.

"बरं," दिगंबरराव आत म्हणाले. "असू दे."

मी थोडा वेळ पायरीवर बसलो आणि मग पाय वाजवत वर गेलो.

अण्णांना उशीला टेकवून बसवलं होतं. गळ्याभोवती टॉवेल. दिगंबररावांनी त्यांच्या तोंडाला फेस लावला होता आणि हातात रेझर घेतला होता. "गाल फुगव," ते म्हणत होते. "फुगव की जरा. एवढंबी येईना व्हय." उजवा गाल फुगण्यासारखा राहिलाच नव्हता. पोकळ, सैल, ब्लेड चालवावी तर कातडी गोळा होऊन यायची. दिगंबररावांनी दोनदा प्रयत्न केला आणि रेझर खाली ठेवला. मग आपला डावा अंगठा अण्णांच्या तोंडात घालून गाल आतून ताणून धरला आणि अलगद, वरून खाली, दाढी करायला लागले. अण्णांच्या तोंडातली लाळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती. ती त्यांनी पुसली नाही. अण्णा भावाच्या तोंडाकडं एकटक बघत होते. माझा धंदा डोळ्यांचा, पण त्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता यायचं नाही.

"हलू नको," दिगंबरराव म्हणाले. "कापंल."

मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. कपाळाला आठ्या घालून ते मला म्हणाले, "काय बघायलात, अन्वरभाई? दुकान उघडायचं न्हाई का आज?"